आत्याबाईंचा माळा

राहाता
१२ नोव्हेंबर १९७२

आत्याबाई,

पाया पडते असं लिहायची रीत आहे, पण पाय शेवगावात आणि मी इथं, तेव्हा ते राहू द्या. हे पत्र भिमाजीराव वाचणार, ओट्यावर बसून, मोठ्यानं, आणि शेजारच्या बाया भिंतीआडून कान लावणार, हे मला ठाऊक आहे. जावईबापू, नमस्कार. सावकाश वाचा. तुमच्या सासूबाईंना अलीकडं कमी ऐकू येतं, म्हणजे सोयीचं तेवढंच ऐकू येतं.

लिहायचं कारण, माळा सुरू केला. वास्तुशांतीच्या दिवशी भरल्या मांडवात तुम्ही मला विचारलंत, "एवढं घर बांधलं, माजं अंथरून कुटं गं?" आणि मी बोट वर केलं. तेव्हा वर नुसत्या तुळया होत्या आणि त्यावर मंगलोरी कौलं. तुम्ही वर पाहिलंत, पाव्हण्यांनी वर पाहिलं, कोणीतरी फिस्सकन हसलं. तुम्ही भरल्या ताटावरून उठलात आणि झुंबर वन्संचा हात धरून एसटीच्या थांब्याकडं निघालात. "बोलावनं आल्याबिगर या उंबऱ्यात पाय ठेवनार न्हाई," म्हणालात. त्याला सहा महिने झाले.

तर आता तुळयांवर फळ्या बसताहेत. राधाकृष्ण मिस्त्री लावलाय. मला म्हणाला, "बाई, माळा कशाला पायजे, सामानाला का ऱ्हायला?" मी म्हटलं, दोन्हीला. अर्ध्यात कांदे, बियाणं आणि गुळाच्या ढेपा, आणि अर्ध्यात आमच्या आत्याबाई. तुमची गोधडी इथंच राहिलीय. ती तुळयांवर आडवी टाकून मी खाटेची जागा मोजून दिली. पाय थोडे दुमडावे लागतील.

हे बरे आहेत. तुमचं नाव काढत नाहीत. शांत माणूस आहे तुमचा लेक, देवमाणूस. तुमच्या पोटी असा कसा आला याचं मला अजून नवल वाटतं.

तुमची सून,
चांगुणा


८ जानेवारी १९७३

आत्याबाई,

तुमचं पत्र मिळालं. अक्षर भिमाजीरावांचं, रडगाणं तुमचं. शेवगावाकडं विहिरी आटल्या, जनावरं छावणीला नेली, घरात रेशनचा तांबडा मिलो शिजतोय आणि तो तुमच्या पोटाला सोसत नाही. आणि शेवटी ती ओळ: "कारभारीला न्यायला धाड. मी गोठ्यात बी पडून ऱ्हाईन."

आमच्या घरात अक्षर फक्त मला कळतं, हे तुम्हाला चांगलं माहीत आहे. यांना सहीपुरतं येतं. पोरं बोर्डिंगात. तेव्हा पत्र मीच वाचून दाखवलं. विहिरींचं वाचलं, जनावरांचं वाचलं, शेवटची ओळ गिळली. हे म्हणाले, "आईनं सांगावा धाडला तर जाईन." मी म्हटलं, सांगावा तर काही नाही. मग त्यांनी तंबाखू मळली आणि पाटावर गेले. यंदा पाण्याची एक पाळी कमी आहे.

जावईबापू, तुम्ही आत्ता इथं थांबून सासूबाईंच्या तोंडाकडं बघताय. थांबू नका. पुढचंही तितक्याच मोठ्यानं वाचा, कारण तुम्ही या घरात जावई म्हणून आलात ते नंतर, आणि तुम्हाला हे कोणी सांगितलं नसणार.

चौदाव्या वर्षी मी या घरात आले. जुन्या घरात तुम्ही मला माळ्यावर घातलंत, आत्याबाई. हे खाली ओसरीवर, तुम्ही माजघरात आणि मी वर कांद्यांत. अकरा वर्षं. उन्हाळ्यात कांदा सडायला लागला की त्याचा वास माझ्या केसांना, लुगड्याला, भाकरीला. पाणवठ्यावरच्या बाया मला "कांदेवाली" म्हणायच्या आणि तुम्ही हसायचात. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत जगाला आहे. माझा बाप न्यायला आला तर तुम्ही त्याला उंबऱ्यातूनच लावून दिलंत. "कांद्याची काढनी कोन करील, तुजी आई?" आणि मला दम भरलात, की माहेरी पळालीस तर शिडीच काढून ठेवीन.

आणि काढलीत. चैत्रातली गावची जत्रा. तुम्ही देवळात नैवेद्य घेऊन, हे कुस्त्यांच्या हगाम्याला, गल्लीत चिटपाखरू नाही. दुपारी माझ्या कळा सुरू झाल्या. मी माळ्याच्या तोंडाशी सरपटत आले, तर खाली शिडी नाही. मी किती वेळ ओरडत होते ते मला सांगता येणार नाही. शेवटी कोणीतरी ऐकून आक्काबाई सुईणीला आणलं, तर तिला वर येता येईना. मग बैलगाडी भिंतीला उभी करून तिला चढवलं. तोवर पोरीच्या गळ्याला नाळ बसली होती. दिवेलागणीपर्यंत जगली.

दुसऱ्या दिवशी माझा बाप आणि दोघं भाऊ काठ्या घेऊन आले. तेव्हा तुम्ही अंगणात उभ्या राहून, पदर खोचून म्हणालात, "मीच काढली शिडी. काय करायचं ते करा." एका बाईवर काठी कोण उगारणार? ते परत गेले. तुमच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

हे सगळं ऐकून झुंबर वन्सं म्हणतील, जुनं कशाला उकरतेस. वन्सं, मी उकरत नाही. मी बांधतेय.

चांगुणा


२० फेब्रुवारी १९७३

आत्याबाई,

माळा पुरा झाला. बघायला तुम्ही नाहीत म्हणून लिहून दाखवते.

फळ्या बाभळीच्या, घट्ट बसल्यात. मिस्त्री म्हणाला, उजेडाला कौलांत एक काच बसवू. मी नको म्हटलं. म्हणाला, जिन्याला जागा हाय, सा पायऱ्यांत बसंल, म्हातारं मानूस हाय म्हनता. मी म्हटलं, शिडी. तो म्हणाला, "बाई, तुमचं कायतरी बिनसलंय." सुताराला काय कळतंय. एका बाजूला कांद्याची चाळ केली, हवा खेळती राहील अशी. तुमच्या बाजूला हवेची गरज नाही. उभं राहिलं की कौल टाळूला लागतं, पण मला वाकून चालायची सवय तुम्हीच लावलीत, तुम्हालाही लागेल. माघातच वर हात धरवत नाही. वैशाखात काय होईल ते बघू.

नगरच्या बाजारात तुमच्या गावचा माणूस भेटला. म्हणाला, रंगुबाई आता दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते. पाथर्डीच्या रस्त्यावर, डोक्यावर फडकं बांधून, पोरीबाळींच्या रांगेत बसून. मुकादम हजेरी घेताना तुम्हाला "ए म्हातारे" म्हणतो. दुपारी सुकडी मिळते ती अर्धी खाता आणि अर्धी पदरात बांधून झुंबर वन्संच्या घरी नेता. हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मी त्या दिवशी बाजारातून शेव घेतली आणि एसटीत बसून सगळी खाल्ली.

मी काही फार मागत नाही. मी अकरा वर्षं झोपले, तुम्ही एक उन्हाळा झोपा. पोटभर ज्वारीची भाकरी, दूध, वर पेरू. अंगावर लुगडं. फक्त अंथरूण माळ्यावर. पावसाळा लागला की खाली घेईन, माझ्या पोरांची शपथ. पण न्यायला कोणी येणार नाही. एसटीत बसायचं, थांब्यावर उतरायचं, आणि सगळ्या गल्लीनं बघताना स्वतःच्या पायानं उंबरा ओलांडायचा.

जावईबापू, हा निरोप नीट पोचवा. तुमच्या घरातलं एक तोंड कमी होईल, तुम्हालाही हलकं वाटेल. मनातलं बोलले की नाही?

चांगुणा


२६ मार्च १९७३

ती. आत्याबाईंस नमस्कार.
गव्हाची कापणी चालू आहे. सर्व खुशाल. तुमचं उत्तर नाही. माळा तयार आहे. निघून यावं.
चांगुणा


३१ मार्च १९७३

आत्याबाई,

परवा तुम्ही आलात आणि गेलात. मधे जे झालं त्याची तुम्हाला शुद्ध नव्हती, म्हणून मी लिहून ठेवते. भिमाजीराव, हे वाचताना शेजारच्या बायांना उठवून लावा. आज पहिल्यांदा तुमच्याकडं काही मागतेय.

आधी कार्डाचं. त्याचा कोपरा फाटलेला होता. यांना मी सांगितलं, मिस्त्रीच्या राहिलेल्या खिळ्याला अडकून फाटला, ध्यानात आलं नाही. तुम्हाला खरं सांगते. मी फाडला. बोटांनी, सावकाश, सरळ रेषेत. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कोणीतरी गेलं, ते घरात घेत नाहीत, अंगणात वाचतात आणि फाडून टाकतात, हे शेंबड्या पोराला कळतं. पोस्टमन ते "राहात्याचं हाय" एवढंच म्हणून लांबून टाकून निघून जाणार हे मला माहीत होतं. भिमाजीराव दिवसभर खडीवर असतात, वाचायला घरात कोणी नसणार, हेही माहीत होतं. तुम्ही मानापानाला बसला होतात, बोलावण्याबिगर येत नव्हतात. म्हटलं, बघू कशा येत नाहीत.

एवढंच डोक्यात होतं, की धावत येतील, लेकाला धडधाकट बघतील, गल्ली हसेल, आणि मग मी शिडी दाखवीन. कार्ड पेटीत टाकलं आणि मग कळलं. स्वतःच्या कुंकवाला हात घातला होता मी. पेटीतून काही परत निघत नाही.

तुम्ही दुपारी आलात. गल्लीच्या तोंडापासून तुमचा आवाज ऐकू आला. मी चुलीपुढून उठून दारात आले तेवढ्यात तुम्ही आणि वन्सं माझ्या अंगावर आलात. वन्संनी माझे दोन्ही हात धरले. तुम्ही जात्याजवळचा दगड उचललात आणि माझा चुडा फोडलात. उजवा आधी, मग डावा. काचा मनगटात घुसल्या. मी ओरडत होते, अहो ते जिवंत आहेत, शेतात आहेत, अहो ऐका. तुमच्या कानापर्यंत काही पोचत नव्हतं. तुम्ही पदरानं माझं कुंकू पुसलंत, कातडं निघेस्तोवर. मग उंबऱ्यात फतकल मारून बसलात आणि ऊर बडवायला लागलात.

आणि तुम्ही बोललात. मेलेल्याशी बायका बोलतात तसं. मला एकेक शब्द पाठ आहे.

"कारभारी रं, माज्या राजा, तुला कुटं कुटं झाकू रं! तू शिडी नेलीस हगाम्याला, झाडाला लावून कुस्त्या बगायला, आन् मी म्हनलं मी काढली! तुजं पाप मी पदरात बांदलं रं! सुनंनं मला चेटकीन म्हनलं, मी म्हनलं म्हन बाई! तिच्या भावांनी तुला जित्ता सोडला नसता, म्हून मी म्हनलं मी काढली! आन् तूच गेलास व्हय रं, आता मी कुनासाटी गप बसू!"

मी तुमच्यासमोर उभी होते. मनगटातून रक्त गळत होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

तेवढ्यात हे आले. गव्हावरून, खांद्यावर टॉवेल, हातात विळा. दारातली गर्दी बघून म्हणाले, "काय झालं? कोन गेलं?" तुम्ही तोंड वर केलंत. त्यांच्या पायाला हात लावलात, मग गुडघ्याला, मग हाताला. आणि पदर डोक्यावर ओढून घेतलात. 

कोपऱ्याचं कळल्यावर हे हसले. "आई बी येडीच हाय," म्हणाले. "आलीच हायेस तर ऱ्हाय की." तुम्ही म्हणालात, "न्हाई. मला बोलावनं न्हाई." पाण्याचा तांब्या मी पुढं केला तो तुम्ही घेतला नाहीत. पाच वाजताच्या गाडीनं दोघी परत गेलात. हे थांब्यापर्यंतसुद्धा आले नाहीत. गव्हाच्या पेंढ्या उघड्यावर होत्या.

 अठरा वर्षं मी तुमच्या नावानं बोटं मोडली. तुमच्या भाकरीत मीठ जास्त टाकलं, तुमचा चष्मा फोडून पोरांवर घातला, तुमच्यासाठी नवीन घरात आढ्याखाली बीळ केलं. आणि रोज यांच्या ताटात उष्टं जेवले. तुम्ही हे बघत होतात. बघून गप्प बसलात. तुमचा राग यायचा तो आता दुप्पट येतोय, हे लक्षात ठेवा.

चांगुणा


९ एप्रिल १९७३

आत्याबाई,

नऊ दिवस मी यांना काही बोलले नाही. नवा चुडा भरला नाही. त्यांनी विचारलं नाही. काल शेजारची रतनबाई म्हणाली, "अगं, आहेव बाई अशी मोकळ्या हातानं कशी हिंडतीस?" तेव्हा यांनी माझ्या हाताकडं पाहिलं आणि म्हणाले, "बाजारात जाशील तवा भर."

काल दुपारी जेवायला बसले होते. मी भाकरी वाढली आणि विचारलं, "जुन्या घरातली शिडी तुम्ही नेली होती का? जत्रेच्या दिवशी?"

ते चावता चावता थांबले नाहीत. "व्हय," म्हणाले. "लिंबावर चढून कुस्त्या बगायच्या हुत्या. खाली लई गर्दी."

"मी वर होते. माझे दिवस भरले होते."

"मला काय म्हाईत तुला त्याच दिशी कळा येतील? मी म्हनलं दोन जोडी बगून यावं."

"मग अठरा वर्षं सांगितलं का नाही?"

"आई म्हनली गप बस. बसलो." मग माझ्याकडं बघून म्हणाले, अगदी शांतपणे, तुमच्या लेकाचा आवाज कधी चढतो का, "आन् तू तरी कवा इचारलंस?"

खरंच आहे. मी त्यांना कधी विचारलंच नाही. विचारायची गरज वाटली नाही. देवमाणूस.

मी सांगितलं, की जानेवारीतच तुम्ही सांगावा धाडला होता, मी ती ओळ वाचली नाही. मला वाटलं हात उचलतील. म्हटलं उचलू दे, निदान काहीतरी होईल. म्हणाले, "बरं. कापनी उरकू दे, मग बगू आईचं." आणि आमटी मागितली. मी वाढली. वाढून झाल्यावर ते पाण्याचा तांब्या उचलून म्हणाले, "त्यो पोरगा जगला असता तर आज शेतावर कामाला आला असता."

पोरगा म्हणाले, आत्याबाई.

मी त्यांची चूक काढली नाही. खरकटं काढलं, ताट घासलं. मग शिडी लावून माळ्यावर गेले आणि तुमच्या गोधडीवर बसले. इतकं तापलं होतं की श्वास घेववेना. तिथं बसून मी आठवत राहिले. आक्काबाईनं पोर माझ्या अंगावर ठेवली होती. पण मला तेव्हा नीट दिसत नव्हतं, नुसतं धुरकट. देवळातून तुम्ही आलात, गाडीवरून वर चढलात, नैवेद्याचं ताट तसंच हातात. तुम्ही तिला घेतलंत. कोमट पाण्यानं अंघोळ घातलीत, तुमच्या लुगड्याचा पदर फाडून त्यात गुंडाळलंत. ती गेली ती तुमच्या मांडीवर. मी बघत होते पण मला तिचं तोंड दिसलं नाही. आक्काबाई आता या जगात नाही. तेव्हा तिचं तोंड नीट पाहिलेलं माणूस तुम्ही एकट्याच उरलात.

येत्या सोमवारी सकाळच्या गाडीनं मी शेवगावला येतेय. कोणाला पाठवत नाही, मी स्वतः येतेय न्यायला. खडीवर असाल तर तिथं येईन, मुकादमासमोरून उठवून आणीन. अंथरूण तुमचं खालच्या खोलीत, खिडकीशी घातलंय. मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. मी तुमच्याशी गोड बोलेन असंही समजू नका. तुम्ही त्याला झाकलंत आणि मला त्याच्याबरोबर नांदवलंत, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि दिवसातून दोनदा तुम्हाला ऐकवीन.

पण घरी आल्यावर आधी मला एवढं सांगायचं, की तिचं नाक कोणासारखं होतं.

चांगुणा